सूचना पेटीत तीन चिठ्ठ्या आणि माव्याची पुडी

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. छोटा. वडिलांनी काढला, चार वर्षांपासून मी बघतोय. माग, शिलाई, चेकिंग, पॅकिंग धरून ३८ माणसं. मागावरचे आणि शिलाईच्या बायका पीसवर, बाकीचे पगारावर.

दिवाळीआधी पुण्याला व्यवस्थापनाच्या एका शिबिराला जाऊन आलो. दोन दिवस एसी हॉल, जेवण एक नंबर. येताना डोक्यात एवढंच घेऊन आलो की कल्पना मालकाला सुचत नाहीत, हातानं काम करणाऱ्याला सुचतात. म्हणून आल्या आल्या लोखंडी सूचना पेटी करून घेतली, कुलूप लावलं, वर फ्लेक्स टांगला, 'तुमची कल्पना, आपली प्रगती'. महिन्याच्या सगळ्यात चांगल्या कल्पनेला ५०० रुपये.

संक्रांतीची गड्डा जत्रा उरकून माणसं कामावर आली तेव्हा पेटी उघडली. पहिली चिठ्ठी: बायकांच्या संडासाची कडी तुटलीय. दुसरी: शिलाईतला तिसरा पंखा आवाज करतो. तिसरी तेलुगूत होती, आईकडून वाचून घेतली, तर 'पगार ७ तारखेला द्या'. आणि तळाला माव्याची रिकामी पुडी, रबरासकट.

वडिलांनी एवढंच विचारलं, "फ्लेक्सचे किती झाले?"

माझा प्रश्न खरा आहे, चेष्टा करू नका. माणसं हुशार आहेत हे मला दिसतं. बंद पडलेला माग तारेच्या तुकड्यानं चालू करणारी माणसं आहेत ही. मग काही सुचवत का नाहीत? उलट लपवतात असं वाटतं. शिलाईत एक अक्का आहेत, मी टेबलाजवळ गेलो की काहीतरी पदराखाली सरकवतात. आधी वाटलं मोबाईल असेल. तुमच्याकडे, म्हणजे कारखाना, ऑफिस, बँक, शाळा, कुठंही असेल, माणसं डोकं लावून काम करायला लागावीत म्हणून काय केलं? काय चाललं, काय फसलं?


जुनी_गिरणी

संडासाची कडी बसवली का?


टॉवेलवाला

काका, खोटं कशाला बोलू, नाही. माझ्या डोक्यात 'कल्पना' म्हणजे वेगळंच काहीतरी होतं.


जुनी_गिरणी

मग दुसरी चिठ्ठी कोण टाकेल? तीन जणांनी तुम्हाला हात लावून बघितलं, गरम आहे का गार. तुम्ही गार निघालात.

मी जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा मुकादम, ३१ वर्षं. गिरण्या बंद पडल्या तशी यंत्रमागावर आलो, तीन-चार कारखाने केले. एक किस्सा सांगतो, कारखान्याचं नाव विचारू नका.

आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो आणि पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो हे तुम्हाला माहीतच आहे. मिनिटाला शंभरच्या वर वेळा. त्या आदळण्यानं पिकर, म्हणजे धोट्याला फटका देणारा तुकडा, फाटतो, आणि पिकर बदलेपर्यंत माग उभा. मी जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा दुहेरी घडी करून पेटीच्या आत असा बसवला की मार त्या तुकड्यावर यायचा. आधी एका मागावर केलं, मग माझ्या हाताखालच्या सगळ्या मागांवर. पिकर जास्त टिकायला लागला, माग कमी बंद पडायला लागले. विणकरांचं कापड वाढलं, त्यांचे पैसे वाढले. मालक आला, पाठीवर थाप मारली, चहा सांगितला.

दीड महिन्यानं मीटरचा दर कमी केला. म्हणाला, आता तुमचं कापड जास्त निघूलालंय, मग दर तोच कशाला?

विणकर मालकाशी नाही भांडले. माझ्याशी भांडले. "तुला कोणी सांगितलं होतं बे शहाणपणा करायला?" तो तुकडा त्यांनीच काढून टाकला, एकेका मागावरचा. तेव्हापासून मी डोकं चालवायचं बंद नाही केलं. दाखवायचं बंद केलं.

तुमच्या अक्का काय सरकवतात ते आधी बघा. मोबाईल नसणार. आणि बघायला मालक म्हणून जाऊ नका.


शेंगाचटणी

काकांना +१००.

मी सोलापूरचा, नोकरीला हिंजवडीत. तुम्हाला वाटत असेल आयटीत हे सगळं छान चालतं. आमच्याकडे दर वर्षी चोवीस तासांची स्पर्धा असते. एकाच मापाचा टीशर्ट, रात्री दोन वाजता गार पिझ्झा, सकाळी बक्षीस. मी दोनदा जिंकलोय. दोन्ही कल्पना कुठं आहेत विचाराल तर स्पर्धेच्या फोल्डरमध्ये. सोमवारी सगळे आपापल्या जुन्या कामावर.

त्याच कंपनीत एका टेस्टर मुलीनं रोजचं तीन तासांचं तपासणीचं काम चाळीस मिनिटांवर आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. आठ महिने कोणाला सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर उरलेल्या वेळात आणखी काम मिळालं असतं. म्हणजे काकांच्या पट्ट्याचीच गोष्ट, फक्त एसीत.

थ्रीएम कंपनीचं उदाहरण शिबिरात सांगितलंच असेल, १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी वगैरे. त्याच्या आधीची गोष्ट सांगत नाहीत. रिचर्ड ड्रू नावाचा माणूस तिथं प्रयोगशाळेत कामाला होता, कंपनी तेव्हा मुख्यतः सँडपेपरची. सँडपेपरचे नमुने घेऊन तो गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा. दोन रंगांची गाडी रंगवताना चिकटवलेला कागद काढला की रंगही निघून यायचा, रंगारी शिव्या घालायचे. याच्या डोक्यात बसलं की अलगद निघणारी पट्टी करायची. वरून सांगण्यात आलं, हे सोड, सँडपेपरचं बघ. तो करत राहिला, १९२५ मध्ये मास्किंग टेप आली. नियम नंतर आला, आधी एक न ऐकणारा माणूस होता आणि त्याला न काढणारा साहेब होता. मला तरी त्या १५ टक्क्यांपेक्षा हे मोठं वाटतं.


सातरस्ता

वाचायला सगळं छान आहे. मीही कारखानदार आहे, माझी बाजू मांडतो.

माझ्याकडे माणूस टिकत नाही. एक पोरगा जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, तयार केला, आठ महिने शिकवलं, शेजारच्यानं दोन हजार जास्त देऊन नेला. जाताना आमची सगळी सेटिंग डोक्यात घेऊन गेला. आता मी त्याला 'कल्पना मांड' म्हणू, आणि त्यानं त्या शेजारच्याला मांडायच्या? सुताचे भाव दर आठवड्याला नाचतात, वीजबिल वेगळं, पानिपत आणि चीनचा माल डोक्यावर. इथं दिवस ढकलायचा की नवनिर्मिती करायची? काकांच्या मालकानं दर कमी केला ते चूकच, पण त्यालाही कोणीतरी ऑर्डरीचा दर पाडून दिला असेल.


ग्राफ_पेपर

सातरस्ता यांचं दुखणं खरं आहे, मी त्याच गल्लीतला. चादरीचे डिझाइन करतो. आमचे बाबा ग्राफ पेपरवर एकेक चौकट भरायचे, मग पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती माळ जकार्डवर चढवायची. भोक आहे तिथं सुई जाते, नाही तिथं अडते, त्यावर कुठला धागा उचलायचा हे ठरतं. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ल्योनला हे यंत्र आलं तेव्हा तिथल्या विणकरांनीही पोटावर पाय येतो म्हणून विरोध केला होता. आता मी कॉम्प्युटरवर करतो, पण डोकं तेच लागतं. चादर दोन्ही बाजूंनी दिसते, एका बाजूला जो मोर लाल तो दुसरीकडे पांढरा पडणार हे धरून काढावा लागतो.

आणि मग? सकाळी माल चाटी गल्लीच्या बाजारात गेला की आठवड्यात तोच मोर चार जणांच्या मागावर. एकदा तर माझी चूकही तशीच उचलली होती, शेपटीतलं एक पीस अर्धं राहिलं होतं, ते अर्धंच.

लोकांचा एक घोळ असतो म्हणून सांगतो. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं, तुमच्या मोराचं नाही. मोरासाठी डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करावी लागते. १० वर्षं मिळतात, वर ५ वाढवता येतात. अट एवढीच की डिझाइन बाजारात दाखवायच्या आधी अर्ज करायचा. आपल्याकडे आधी व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो जातो. तिथंच नवेपण संपलं.

पण सातरस्ता साहेब, एक विचारू? तुमच्याकडून गेलेल्या पोराचं नाव कुठं लागलं होतं का? कधी व्यापाऱ्यासमोर म्हणालात का, की हे यानं केलं? बाबांनी अठरा वर्षं एकाच ठिकाणी काढली, दुसरीकडे जास्त मिळत असताना. कारण मालक गिऱ्हाइकाला दुकानात न बसवता थेट बाबांच्या टेबलाकडे घेऊन यायचा.


सातरस्ता

नव्हतं लागलं.


दाजीपेठकर

आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, दोन्हीची खिचडी झाली तर समजून घ्या.

आमच्या पद्मशाली विणकर समाजात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, पण मराठीत फार कोणी लिहीत नाही. तेलंगणात आलेरजवळच्या गावातले चिंतकिंदी मल्लेशम. पोचमपल्लीच्या साडीचं सूत रंगवण्याआधी ते 'आसू' करावं लागतं. एका बाजूला एक खुंटी, समोर अर्धगोलात खुंट्यांची रांग, आणि सूत हातानं इकडून तिकडे गुंडाळत राहायचं. एका साडीला हात सुमारे ९,००० वेळा जातो-येतो. हे काम घरातल्या बायका करतात. त्यांची आई करायची. खांदा, कोपर रात्री ठणकायचं, आई म्हणायची आता होत नाही माझ्यानं.

सहावीत शाळा सुटलेला मुलगा. १९९२ ला यंत्र करायला घेतलं, पैसे संपले, लोक वेडा म्हणाले, हैदराबादला जाऊन नोकरी केली, पगारातून सुटे भाग घेतले. १९९९ ला जमलं. कित्येक तासांचं काम दीड तासावर आलं. आईचं नाव लक्ष्मी, म्हणून यंत्राचं नाव लक्ष्मी आसू. २०१७ ला पद्मश्री.

हे का सांगतोय? कारण त्यांना कोणी बक्षीस लावलं नव्हतं आणि उत्पादन वाढवायला कोणी सांगितलं नव्हतं. आईचा हात दुखत होता. टॉवेलवाले, तुम्ही लोकांना विचारता 'कल्पना सांगा'. अहो, कल्पना म्हटलं की माणूस बिचकतो, शाळेत फळ्याजवळ उभं केल्यासारखं होतं. 'कुठं दुखतं' विचारा. कडी आणि पंखा ही तीच उत्तरं आहेत. आणि आईला पाठवा. त्यांना तेलुगू वाचता येतं म्हणजे बोलताही येत असणार.


वॉर्ड_नंबर_सात

वाचतेय. मी नर्स आहे, २२ वर्षं झाली. आमच्याकडे नवं काही सुचवणं पुढची गोष्ट, चूक झाली हे सांगायलाच छाती लागते.

ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं एक मनात राहिलंय. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाई १९९० च्या दशकात हॉस्पिटलमध्ये औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये जास्त चुका. नंतर उलगडलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या.

हे मला कोणी वेगळं सांगायला नको होतं. पूर्वी एका ठिकाणी मी रात्रपाळीला सारख्या दिसणाऱ्या दोन इंजेक्शनांच्या ट्रेला लाल आणि निळी चिकटपट्टी लावली होती. दुसऱ्या दिवशी राउंडला, सगळ्यांसमोर: "हे रंगकाम कोणाचं?" काढायला लावली. चार महिन्यांनी वरून पत्र आलं, सारख्या दिसणाऱ्या औषधांना रंगीत खुणा लावा. मीच लावल्या, त्याच रंगांच्या. कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

तेव्हा भाऊ, पहिल्या वाक्याला जपा. 'कोणी केलं हे' या तीन शब्दांचा सूर कसा लागतो त्यावर पुढची चार वर्षं ठरतात.


बुधवार_पेठ

बँकेत आहे. आमच्याकडे कल्पना मागवण्याचं परिपत्रक येतं, 'निरंक' असं उत्तर जातं. 😀

मीटिंगचं मात्र एक सांगतो. सगळ्यांना बसवून 'बोला बोला' केलं की साहेब आधी बोलतात आणि बाकीचे त्यालाच फोडणी देतात. यावर प्रयोगही झालेत. डील आणि स्ट्रोबे या दोघांचा १९८७ चा अभ्यास आहे, गटात बसून मोठ्यानं बोलण्यापेक्षा तेवढीच माणसं एकेकटी बसली तर जास्त कल्पना येतात. एक बोलतो तेव्हा बाकीचे वाट बघतात, वाट बघताना स्वतःचं विसरतात. आमच्या एका मॅनेजरबाईंनी साधी गोष्ट केली. आधी दहा मिनिटं सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग वाचायचं, आणि बाईंनी सगळ्यात शेवटी बोलायचं. शिपाईकाकांच्या कागदावरून आमची टोकनची रांग बदलली. बाईंची बदली झाली, रांग पुन्हा होती तशी.


हत्तरसंग

पॉलिटेक्निकला शिकवतो. मागाची गोष्ट निघालीच आहे तर टोयोटाचं नाव घ्यायलाच हवं. त्या घराण्याची सुरुवात गाडीतून नाही, मागातून झाली. साकिची टोयोडा सुताराचा मुलगा. आईला हातमागावर राबताना बघायचा, १८९१ मध्ये सुधारलेल्या हातमागाचं पहिलं पेटंट घेतलं. पुढे १९२४ चा स्वयंचलित माग: धोट्यातली सुताची कांडी संपली की चालू मागात धोटा आपोआप बदलायचा आणि धागा तुटला की माग थांबायचा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले आणि पोराच्या मोटारीच्या खटाटोपाला तो पैसा कामी आला.

'धागा तुटला की थांब' हीच कल्पना पुढे मोटारीच्या कारखान्यात गेली. काही खटकलं की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो, टीमचा प्रमुख तिथं येतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारतो, यात महत्त्वाचं काय? सगळे म्हणतात दोरी. दोरी पन्नास रुपयांना मिळते. महत्त्वाचं हे की प्रमुख खरंच येतो, आणि लगेच. कामगारांच्या सूचनांची योजना तिथं १९५१ पासून आहे. त्यातल्या बऱ्याच सूचना कडी-पंख्याच्याच जातीच्या असतात, हत्यार हाताजवळ ठेवा, टेबल थोडं उचला. तुमची पेटी तीन महिन्यांनी उघडली. म्हणजे तुमची दोरी ओढल्यावर दिवा तीन महिन्यांनी लागला.

अवांतर: आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण विसरू नका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड लावले. आधी एका खेड्यातल्या शाळेत, मग राज्याच्या पुस्तकांत. २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, १० लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. ही कल्पनासुद्धा कुठल्या पेटीतून आली नव्हती.


टॉवेलवाला

मंडळी, दीड महिना झाला, उत्तर द्यायला उशीर झाला. कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

कडी त्याच दिवशी बसवली. पंख्याचं बेअरिंग गेलं होतं, बदललं. तिन्ही चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या आणि प्रत्येकीशेजारी उत्तर लिहिलं. पगाराचं ७ तारखेला जमत नाही, व्यापाऱ्याकडून पैसे उशिरा येतात, म्हणून लिहिलं '७ जमणार नाही, १० पक्की'. नकार लिहिलेला कागद भिंतीवर लावताना हात थरथरला, खरं सांगतो. पण त्या चिठ्ठीची चर्चा सगळ्यात जास्त झाली, आणि वाईट झाली नाही.

आता अक्का. दाजीपेठकर म्हणाले तसं आईला पाठवलं. मी ऑफिसात बसून राहिलो. आई दुपारच्या डब्याला त्यांच्यात जाऊन बसली, कडक भाकरी आणि चटणीची देवाणघेवाण झाली, पहिल्या दिवशी काहीच नाही. चौथ्या दिवशी अक्कांनी पदराखालून काढून दाखवलं.

पुठ्ठ्याची पट्टी. सुताचे कोन ज्या खोक्यातून येतात त्या खोक्याची. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, घामानं मऊ होऊ नये म्हणून. कडेला बॉलपेनच्या दोन रेघा. टॉवेलची कड दुमडताना बाकीच्या बायका बोटानं अंदाज घेतात, पुन्हा उलगडतात, पुन्हा दुमडतात. अक्का कड पट्टीवर टाकतात, रेघेला लावतात, दुमडतात आणि पट्टी सरकवून बाहेर काढतात. एकदाच. दिवसाला बाकीच्यांपेक्षा चाळीसेक टॉवेल जास्त आणि चेकिंगला परत येणारे जवळजवळ नाहीत. आमच्या रजिस्टरात ते दिसत होतं. मी समजत होतो, अक्कांचा हात चालतो.

लपवत का होत्या? आईनं विचारलं. त्या म्हणाल्या, "दर कमी करतेत."

मला राग आला. आमच्याकडे असं होत नाही, बाहेरचं ऐकून बोलतात, असं म्हणत मी जुनी रजिस्टरं काढली. सहा वर्षांपूर्वीचं पान सापडलं. नवीन शिलाई मशीन आल्यावर नगाचा दर १० पैशांनी कमी केलेला. अक्षर वडिलांचं. खाली सही.

रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मशीनचा हप्ता होता." त्या दिवशी जेवताना आम्ही कोणीच काही बोललो नाही.

काका, तुमची पोस्ट मी त्यांना आधी वाचून दाखवली होती. तेव्हा ते म्हणाले होते, "तो मालक नालायक असणार."

मग एक कागद केला. मराठी, तेलुगू, कन्नड. कोणाच्याही युक्तीमुळे माल जास्त निघाला तर एक वर्ष दर कमी होणार नाही. काही करून बघताना काम थांबलं तर त्या वेळेचे पैसे मागच्या महिन्याच्या सरासरीनं मिळतील. वडिलांची सही आधी, माझी खाली. त्यांनी स्वतःहून केली, मी मागितली नव्हती.

अक्कांना विचारून तशा आठ पट्ट्या अॅल्युमिनियमच्या करून घेतल्या. पाच जणी वापरतात, दोघी म्हणतात आमची बोटंच बरी. असू दे. अक्का स्वतः अजून पुठ्ठ्याचीच वापरतात, पत्रा बोटाला चावतो म्हणतात.

आता फसलेलं. पॅकिंगच्या पोरानं टॉवेलची घडी वेगळी घालून दाखवली, एका खोक्यात डझनभर जास्त बसायला लागले. मी खूश, ऑर्डर तशीच पाठवली. घडीत लेबल आतल्या बाजूला गेलं होतं. व्यापाऱ्यानं अख्खा माल परत पाठवला, येण्याजाण्याचं भाडं आमच्या गळ्यात. पोरगा दोन दिवस कामावर आलाच नाही, घरी निरोप पाठवून बोलावून घेतला. चूक माझी होती, नमुना दाखवून मंजुरी घेणं माझं काम. वडील म्हणाले, "फ्लेक्स परवडला असता." पण हसून म्हणाले.


शेंगाचटणी

त्या पोराला काही दिलं का? टाटांच्या समूहात २००६ पासून इनोव्हिस्टा नावाची अंतर्गत स्पर्धा आहे, त्यात मनापासून केलेल्या पण फसलेल्या प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' असा वेगळा गट असतो. आमच्याकडे हे कळल्यावर सगळे हसले होते. मी नव्हतो हसलो.


टॉवेलवाला

बक्षीस वगैरे नाही दिलं. त्या दिवसाचे पैसे कापले नाहीत, आणि नवी घडी त्यालाच घालायला सांगितली, लेबल बाहेर येईल अशी. परवा दाखवली. एक डझन नाही, आठ जास्त बसतात. यावेळी फोटो आधी व्यापाऱ्याला गेला.


सातरस्ता

एक वर्षानं त्या कागदाचं काय?


टॉवेलवाला

माहीत नाही. तेव्हा बघू. निदान बसून बोलल्याशिवाय बदलणार नाही एवढं अक्कांना सांगितलंय.

तुमच्याकडे काही केलं का?


सातरस्ता

डिझाइनच्या नमुन्यामागं आता करणाऱ्याचं नाव लिहितो. पेन्सिलनं. बघू.


ग्राफ_पेपर

शाईनं लिहा हो. 🙂


जुनी_गिरणी

अक्कांना ५०० रुपये दिले का?


टॉवेलवाला

काका, तीच गंमत सांगायची राहिली. म्हटलं ५०० देतो आणि बोर्डावर नाव लावतो. अक्का म्हणाल्या नाव नको, बाकीच्या टोमणे मारतात, आणि ५०० एका दिवसात संपतात. "खुर्ची द्या. पाठ टेकायची." अकरा वर्षं स्टुलावर बसून शिवतायत. मी रोज तिथून जातो, मला स्टूल कधी दिसलंच नव्हतं.

खुर्ची आणली. आता बाकीच्या सात जणी काही बोलत नाहीत, नुसत्या खुर्चीकडे बघतात.


जुनी_गिरणी

सात आणा.


टॉवेलवाला

पाच आल्या. दोन सोमवारी येतील.


दाजीपेठकर

उंची टेबलाला लावून घ्या. तयार खुर्ची शिलाईला बुटकी पडते, खांदे वर येतात. आमच्या अम्मानं खाली लाकडी ठोकळे लावून घेतलेत.


टॉवेलवाला

बरं झालं सांगितलंत. अक्का कालच चादरीची घडी खाली घेऊन बसलेल्या दिसल्या. यावेळी लपवली नाही.


वॉर्ड_नंबर_सात

खुर्च्या कुठून घेतल्या? आमच्या नर्सिंग स्टेशनला दोन हव्या आहेत. बिल नंतर कसं लावायचं ते मी बघते.